आधी अडचण ओळखा, मग साधन निवडा: चित्रकारांसाठी काही वेगळी अवजारं आणि ती वापरायची रीत

नवं काहीही घेण्याआधी अलीकडची पाच-सहा चित्रं भिंतीला ओळीने टेकवा आणि मोबाइलवर प्रत्येकाचा समोरून फोटो काढा. प्रत्येक फोटो दोन प्रकारे बघा: एकदा डावं-उजवं उलटवून, एकदा काळापांढरा करून.

उलटवल्यावर चेहरा वाकडा किंवा बाटली कललेली दिसली, तर अडचण मोजमापाची. काळापांढरा केल्यावर सगळं चित्र एकाच करड्या लगद्यात गेलं, तर अडचण छटांची, म्हणजे उजळ-गडदपणाची. या दोन्ही कसोट्यांना उतरूनही मूळ चित्रात रंग मळकट वाटत असतील, तर ती रंगाची. आणि हे सगळं जमलेलं असताना रेषा थरथरतेय, कागदावर तळव्याचे डाग आहेत, बारीक कडा निसटतायत, तर अडचण हाताची आणि बैठकीची. उलटवून बघायची ही युक्ती जुनी आहे. चित्रकाराने सपाट आरसा जवळ ठेवावा आणि त्यात आपलं काम वरचेवर बघावं, असा सल्ला लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत आहे. उलट्या प्रतिमेची डोळ्याला सवय नसते, म्हणून चुका उघड्या पडतात.

पुढची साधनं याच क्रमाने घेतली आहेत. ज्या भागात तुमची अडचण सापडेल तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. बाकीचं सामान सध्या नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

मोजमाप: ओळंबा आणि सुई

सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ओळंबा. गवंड्याचा जड ओळंबा नको. हातभर काळा दोरा आणि त्याला बांधलेला एक लोखंडी नट पुरे. हात पूर्ण ताठ करून दोरा समोर धरा, एक डोळा मिटा आणि झोके थांबू द्या. आता दोऱ्याच्या रेषेत वरपासून खालपर्यंत काय काय येतंय ते टिपा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याची खळगी बहुतेक वेळा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याच्या वर येते. चित्रात ती तशी आली नसेल तर माणूस पडतोय असं वाटतं, आणि मग आपण उगाच खांदे दुरुस्त करत बसतो.

विणकामाची लांब सुई हे याचं जोडसाधन. ओळंब्यासारखीच ती ताठ हाताने समोर धरा, तिचं टोक वस्तूच्या एका कडेवर दिसेल असं ठेवा आणि दुसरी कड जिथे दिसते तिथे सुईवर अंगठा ठेवा. ते तुमचं एकक. हेच माप इतर भागांवर लावून बघायचं: डोक्याची उंची धडात किती वेळा बसते, वगैरे. कोपर जरा जरी वाकलं तरी एकक बदलतं, म्हणून मोजताना हात दर वेळी ताठच हवा. पेन्सिलपेक्षा सुई बरी, कारण ती बारीक असल्याने मागचं दृश्य झाकत नाही.

मोजमाप: दोऱ्यांची चौकट

दृश्य आणि डोळा यांच्यामध्ये जाळी धरायची कल्पना इटालियन विद्वान आल्बेर्तीने १४३५ च्या सुमारास चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात मांडली. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ साली मोजमापावरच्या पुस्तकात दृश्य उतरवायची यंत्रं चित्रांसह छापली. व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगला असताना स्वतःसाठी एक चौकट बनवून घेतली होती आणि भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रांत तिचं वर्णन केलं होतं. मला त्याची रचना सर्वांत शहाणी वाटते: दाट जाळीऐवजी एक उभी रेषा, एक आडवी आणि दोन कर्ण. दाट जाळीत माणूस एकेक चौकोन भरत बसतो आणि अख्खं दृश्य बघायचं विसरतो.

बनवायची अशी:

१. कागदाच्या प्रमाणात खिडकी ठरवा. कागद ३० × ४० सेंटीमीटर असेल तर जाड पुठ्ठ्यात १५ × २० सेंटीमीटरची खिडकी कापा. प्रमाण जुळलं नाही तर पुढचं सगळं फसतं.

२. चारही बाजूंच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत बारीक खाचा पाडा. त्यांत काळा दोरा ताणून बसवा: मधली उभी, मधली आडवी आणि दोन कर्ण.

३. चौकट ट्रायपॉडला किंवा उभ्या दांड्याला चिमट्याने घट्ट बसवा. डोळ्यापासून साधारण ४० सेंटीमीटर अंतर ठेवा. २० सेंटीमीटर रुंदीच्या खिडकीतून तेवढ्या अंतरावर सुमारे २८ अंशांचं दृश्य दिसतं आणि ते सोयीचं असतं. चौकट फार जवळ आणली तर कडेच्या वस्तू चित्रात ताणल्यासारख्या येतात.

४. कागदावर त्याच चार रेषा अगदी हलक्या हाताने आखून घ्या.

५. आता डोक्याची जागा पक्की करायची. दोरे जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू दृश्यातल्या एखाद्या ठळक खुणेवर आणा, म्हणजे खिडकीचा कोपरा किंवा फांदीचा बेचका. मान हलली की आधी हा बिंदू जुळवायचा, मगच रेघ मारायची. चौकट वापरून चित्र बिघडलं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हीच पायरी वगळलेली असते.

६. मोठे आकार दोऱ्यांना जिथे जिथे छेदतात तेवढेच बिंदू कागदावर घ्या आणि ते जोडा. एवढं झालं की चौकट बाजूला ठेवा. तपशील नुसत्या डोळ्याने काढायचे.

मोजमाप: प्रमाण-कंपास

लहान फोटोवरून मोठं चित्र करायचं असेल तर जाळी आखण्यापेक्षा प्रपोर्शनल डिव्हायडर सुटसुटीत. दोन पट्ट्या मध्ये कुठेतरी स्क्रूने जोडलेल्या आणि दोन्ही टोकं अणकुचीदार, एवढंच त्याचं रूप. एका बाजूने माप घेतलं की दुसऱ्या बाजूला ते ठरलेल्या पटीत उघडतं.

विकत घेतलेल्या कंपासात स्क्रू खाचेतून सरकतो. घरी करायचा तर ३० सेंटीमीटर लांबीच्या दोन कडक पट्ट्या घ्या आणि दोन्हींना एकाच टोकापासून मोजून भोकं पाडा. १० सेंटीमीटरवरच्या भोकात स्क्रू बसवला तर मागे २० सेंटीमीटर उरतात, म्हणजे दुप्पट. ७.५ वर तिप्पट, ६ वर चौपट, ५ वर पाचपट, आणि १२ वर दीडपट. दोन्ही पट्ट्यांवरची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत, म्हणून पट्ट्या एकत्र दाबून एकदमच पाडा.

वापरताना प्रमाण सुरुवातीला ठरवून स्क्रू आवळा आणि चित्र पुरं होईपर्यंत त्याला हात लावू नका. आधी एक मोठं माप घ्या, उदाहरणार्थ कपाळापासून हनुवटीपर्यंत. पुढची सगळी मापं त्याच रेषेपासून घ्या. नाकापासून डोळा, डोळ्यापासून कान, कानापासून जबडा अशी साखळी केली तर प्रत्येक पायरीची बारीक चूक पुढच्या पायरीत मिसळत जाते.

याच कामासाठी पँटोग्राफही आहे, क्रिस्टोफ शायनरने १६०३ साली तयार केलेला. चार दांड्यांचं ते यंत्र चालताना बघायला मजा येते, पण सांधे जरा ढिले असले की रेषा डुगडुगते आणि मोठी करताना ती डुगडुगही मोठी होते. मी तो घ्यायला सांगणार नाही.

कॅमेरा ल्युसिडा: मोहक, पण हट्टी

विल्यम हाइड वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ साली या चित्र उतरवायच्या साधनाचं पेटंट घेतलं. दांड्यावर बसवलेला काचेचा एक छोटा चार बाजूंचा लोलक (प्रिझम), बस. त्याच्या कडेवरून खाली बघितलं की डोळ्याच्या बाहुलीच्या अर्ध्या भागात समोरचं दृश्य येतं आणि उरलेल्या अर्ध्या भागात कागद. दोन्ही एकमेकांवर चढतात आणि दृश्य कागदावरच पडलंय असा भास होतो. प्रत्यक्षात कागदावर काहीच नसतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला नुसता कोरा कागद दिसतो. आजच्या स्वस्त आवृत्त्यांत लोलकाऐवजी अर्धपारदर्शक काच असते.

याने चित्र आपोआप उतरतं असं समजू नका. हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज संशोधक १८३३ साली इटलीत कोमो सरोवराकाठी हेच साधन घेऊन बसला होता. चित्रं काही जमेनात. प्रतिमा स्वतःच कागदावर उमटून टिकली तर किती बरं, हा विचार त्याच्या मनात तिथेच आला आणि पुढे तो छायाचित्रणाच्या शोधाकडे वळला.

चालवायची रीत:

• टेबल स्थिर हवं, कागद चारही बाजूंनी चिकटवलेला हवा, आणि साधन टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेलं.

• चित्राचा आकार अंतरावर ठरतो. डोळा कागदापासून ३० सेंटीमीटर आणि वस्तू डोळ्यापासून १५० सेंटीमीटर असेल तर चित्र मूळ वस्तूच्या एक पंचमांश येतं. मोठं हवं असेल तर वस्तू जवळ आणा किंवा दांडा उंच करा.

• सगळा खेळ उजेडाचा आहे. वस्तू फार उजळ असेल तर पेन्सिलीचं टोक दिसेनासं होतं. कागद फार उजळ असेल तर वस्तू विरून जाते. कागदावर हलवता येईल असा छोटा दिवा ठेवा आणि दोन्ही सारखं दिसेपर्यंत तो पुढे-मागे करा. त्यातूनही जमलं नाही तर पांढऱ्याऐवजी करडा कागद घेऊन बघा.

• कागदावर सुरुवातीलाच तीन खुणा करा, वस्तूच्या तीन ठळक बिंदूंवर. डोकं हललं की आधी त्या जुळवायच्या.

• फक्त मुख्य आकारांच्या बाह्यरेषा घ्या. याच्यातून छायांकन करायचा प्रयत्न बहुधा वाया जातो.

प्रोजेक्टरबद्दल थोडक्यात: भित्तिचित्रासाठी उत्तम, पण तो भिंतीला काटकोनात नसेल तर आकृती एका बाजूला पसरते. आधी एक चौरस प्रक्षेपित करून त्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. चारही बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले तरच पुढे जा.

छटा: खिशातला काळा आरसा

अठराव्या शतकात निसर्ग बघायला निघालेले लोक आणि चित्रकार एक छोटा, किंचित फुगीर काळा आरसा जवळ बाळगत. दृश्याकडे पाठ करून ते त्यात बघत. क्लोद लोरें या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचं नाव या आरशाला चिकटलं, पण त्याने तो वापरल्याचा पुरावा नाही. साध्या काचेचा पृष्ठभाग समोरून पडलेल्या प्रकाशाचा फक्त ४ टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. मागे काळा रंग असला की तेवढंच मंद प्रतिबिंब उरतं. झगझगाट जातो, बारीकसारीक तपशील बुडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे गट समोर येतात.

असा आरसा तुमच्याकडे बहुधा आहेच: बंद केलेल्या मोबाइलचा काळा पडदा. तो पुसून घ्या, दृश्याकडे पाठ करा आणि खांद्यावरून प्रतिबिंब बघा. ईझलकडे, म्हणजे चित्र टेकवायच्या घोडीकडे, पाठ करून चित्र बघितलं तर ते उलटंही दिसतं आणि मंदही. दोन कसोट्या एकदम होतात. सूर्याचं प्रतिबिंब मात्र यातही बघू नका, डोळ्याला इजा होते.

पुढची पायरी: जे दिसलं ते तळहाताएवढ्या चौकटीत तीनच छटांत उतरवा. कागदाचा पांढरा, एक मधला करडा, एक गडद. चौथी छटा घ्यायची नाही. तीन छटांत चित्र ओळखू येत नसेल तर त्याची मांडणीच बदलायला हवी. मोठ्या कॅनव्हासवर रंग टाकून ती सुधारत नाही.

छटा तपासायला लाल पारदर्शक फिल्मही मिळते. तिच्यातून सगळं एकरंगी दिसतं, हे खरं. पण लाल वस्तू असतात त्यापेक्षा उजळ दिसतात आणि हिरव्या गडद. हिरवळीच्या चित्रात ती सरळ दिशाभूल करते. मोबाइलचा काळापांढरा फोटो तिच्यापेक्षा भरवशाचा.

रंग: भोक पाडलेला करडा पुठ्ठा

गोबलँ या फ्रेंच विणकाम कारखान्यात रंगाईचं काम बघणाऱ्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १८३९ साली आला. आपल्यालाही सावलीतला पांढरा कपडा पांढराच ‘वाटतो’, प्रत्यक्षात तो निळसर करडा असतो. शेजार झाकला की खरा रंग कळतो.

मध्यम करड्या रंगाच्या पुठ्ठ्याला एका कडेजवळ सुमारे १ सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडा. एक डोळा मिटून ते वस्तूच्या एकाच भागावर धरा, म्हणजे भोकात फक्त तो रंग भरेल. पॅलेटवर मिश्रण करा आणि त्याचा ठिपका भोकाच्या अगदी काठाला लावून तुलना करा. आधी फक्त उजळ-गडदपणा जुळवा. मग रंग कोणत्या बाजूला झुकतोय ते बघा, पिवळ्याकडे की निळ्याकडे. तजेला किती, हे सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर रंग ढवळत बसायची वेळ येते.

पुठ्ठ्यावर आणि कॅनव्हासवर सारखाच उजेड पडला पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरते. आणखी एक गोष्ट: जलरंग वाळल्यावर फिके पडतात, ॲक्रिलिक बहुधा थोडे गडद होतात. त्यामुळे ओला ठिपका जुळला म्हणून हुरळून जाऊ नका.

रंगाची अडचण अनेकदा दिव्यात असते. दिव्याच्या वेष्टनावर दोन आकडे बघा. रंगतापमान ५००० केल्व्हिनच्या आसपास असावं; ६५०० चा उजेड निळसर पडतो. दुसरा कलर रेंडरिंग इंडेक्स, म्हणजे सीआरआय: त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, कमाल १००. किमान ९०, शक्यतो ९५ घ्या. यात एक मेख आहे: हा नेहमीचा आकडा आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यासाठी ‘आर ९’ हा वेगळा आकडा असतो. व्यक्तिचित्रं करणाऱ्यांनी तो जरूर बघावा, कारण त्वचेत लाल सगळीकडे असतो. दिवा वरून, साधारण ४५ अंशांत ठेवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डावीकडून, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

हात: काठी, पूल आणि खोडण्याची साधनं

माहलस्टिक म्हणजे हात टेकवायची काठी. साधारण ९० सेंटीमीटर लांब, बोटाएवढी जाड, एका टोकाला कापसाचा गोळा आणि त्यावर मऊ चामडं बांधलेलं. मोकळ्या हातात काठीचं एक टोक धरायचं, गोळा कॅनव्हासच्या कडेच्या चौकटीवर किंवा ईझलवर टेकवायचा, आणि कुंचल्याचं मनगट काठीवर ठेवायचं. ताणलेल्या कापडाच्या मधोमध गोळा दाबू नका, खळगा पडतो. सरळ रेषेसाठी काठी पट्टीसारखी वापरता येते: बोटं स्थिर ठेवून अख्खा हात काठीवरून सरकवा.

टेबलावर पेन्सिलने काम करणाऱ्यांना पूल जास्त उपयोगी. ५-६ मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दीड सेंटीमीटर उंचीचे पाय. तळवा कागदाला लागतच नाही.

खोडण्यात खरी गंमत आहे. मळता येणारा रबर घासायचा नसतो. टोकदार करून दाबायचा आणि उचलायचा. चकाकीच्या बारीक ठिपक्यांसाठी इलेक्ट्रिक खोडरबराचं टोक सँडपेपरवर तिरकं घासून धारदार करा.

याहून निराळी युक्ती साध्या चिकटपट्टीची. पारदर्शक पट्टी आधी कापडावर दोन-तीनदा लावून तिचा चिकटपणा कमी करा. मग ती छायांकित भागावर न दाबता अलगद ठेवा आणि वरून रिकाम्या बॉलपेनने केस किंवा गवताच्या रेषा ओढा. पट्टी उचलली की फक्त दाबलेल्या रेषांमधलं ग्रॅफाइट निघून येतं. मऊ कागदाचा पापुद्रा सुटू शकतो, म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी करून बघा.

मांजराच्या मिशा किंवा पांढरे केस याउलट आधीच राखून ठेवावे लागतात. त्यासाठी कागदात दाबून खोलगट रेषा उमटवणारा गोल टोकाचा एम्बॉसिंग स्टायलस असतो. नुसता स्टायलस फिरवला तर दाबलेली रेषा नीट दिसत नाही. म्हणून वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर कडक पेन्सिलीने दाबून काढा, म्हणजे कुठे काय झालं ते कळतं. मग मऊ पेन्सिलीची बाजू हलकेच फिरवली की खोलगट रेषा पांढऱ्या राहतात. ही रेषा परत भरून काढता येत नाही.

जलरंगात हेच काम मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा पांढरा भाग झाकून ठेवणारं रबरी द्रव, करतं, आणि ते कुंचल्याचा जीव घेतं. कुंचला वापरायचाच असेल तर आधी ओल्या साबणात बुडवा. त्याहून बरं म्हणजे जुन्या पद्धतीचं रूलिंग पेन: दोन पात्यांमध्ये द्रव भरायचा आणि बाजूच्या स्क्रूने रेषेची जाडी ठरवायची. द्रव अर्ध्या सेंटीमीटरच्या वर भरू नका, पेन जवळजवळ उभं धरा, रेषा एका वेगात ओढा. वाळलेलं रबर पात्यांवरून सोलून निघतं. कागद पूर्ण कोरडा असतानाच लावा, हेअर ड्रायर मारू नका, आणि एक-दोन दिवसांत काढून टाका. त्यानंतर ते कागदाला धरून बसतं.

ॲक्रिलिकसाठी ओलं पॅलेट, आणि तैलरंगांच्या चिंध्या

ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतात, यावर उपाय सोपा. झाकणाच्या उथळ डब्यात सपाट स्पंज ठेवा, तो पाण्याने पूर्ण भिजवा, पण वर डबकं राहू देऊ नका. त्यावर भिजवलेला बेकिंग पेपर पसरा, खालची हवा बोटांनी बाहेर काढा. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंग या कागदावर काढा. झाकण लावलं तर ते कित्येक दिवस ओले राहतात. आंबूस वास आला की स्पंज धुऊन कागद बदला.

तैलरंगात अडचण उलटी आणि जास्त गंभीर. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आतच कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागू शकते. काम संपलं की चिंध्या एकेक करून मोकळ्या हवेत सपाट वाळत घाला, किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून झाकण घट्ट लावा. स्टुडिओतून निघताना हे शेवटचं काम म्हणून ठेवा, कारण घाईत नेमकं तेच राहून जातं.